चिमूटभर मीठ आणि परळची वाट

जव्हार-मोखाडा पट्ट्यातील वांगणीहून परळचे टाटा रुग्णालय शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. १९४१ साली स्थापन झालेल्या या रुग्णालयात औषध मिळते. केमोथेरपीनंतरची मळमळ, तोंडातील फोड मात्र घरीच सोसावे लागतात. बुडालेली मजुरी व एसटीचे भाडे मोजणाऱ्या कुटुंबाचा धीर खचतो तो येथेच. वस्तुतः उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ व खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या केल्यास तोंडाला आराम पडतो. नागलीची पातळ पेज थोडी थोडी, वारंवार घेतल्यास सोसवते. यास खर्च तो किती? परंतु ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना काही तासांचा विलंबही जिवावर बेततो. अशा रात्री पाड्यावरून वाहन मिळेल काय, याचे उत्तर आरोग्य खात्याने द्यावयाचे आहे.