खवळत्या आखातात छोटी केबिन बोट : खरेदीपूर्वी काय पाहाल?

आखाती देशांत वर्षानुवर्षे राहून नोकरी-धंद्यात स्थिरावलेल्या आपल्या कोकणी बांधवांना समुद्र काही नवा नाही. रायगड-रत्नागिरीच्या खाडीकाठी ज्यांचे बालपण गेले, त्यांना दुबई, बहरीन किंवा कुवेतमध्ये चार पैसे गाठीशी जमल्यावर स्वतःची बोट घ्यावीशी वाटली तर त्यात नवल नाही. बंदरात कायमची जागा भाड्याने घ्यायची तर खर्च वाढतो. म्हणून गाडीमागे ट्रेलरला जोडून नेता येईल, उतारावरून पाण्यात सोडता येईल आणि बायको-मुलांना बसायला-झोपायला आत खोली असेल, अशा बोटीकडे ओढा असतो. इंग्रजीत हिला ट्रेलरेबल केबिन क्रूझर म्हणतात. आपण केबिन बोट म्हणू.

ही खरेदी मोटारीच्या खरेदीसारखी नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. मोटार रस्त्यात बंद पडली तर उतरून कडेला उभे राहता येते. समुद्रात ती सोय नाही. आमच्या कापडाच्या धंद्यात हौशी गिऱ्हाईक रंग पाहते आणि व्यापारी ताग्याची उलटी बाजू पाहतो. बोटीचेही तसेच आहे. हौशी माणूस गादी, फ्रिज आणि पडदे पाहतो. जाणकार वाकून तळ पाहतो. आमचे सांगणे थोडक्यात असे, की सकाळचा आरशासारखा समुद्र पाहून बोट निवडू नका; दुपारनंतर वारा सुटल्यावर कुटुंबासह परतायची वेळ डोळ्यांसमोर ठेवून निवडा.

आखाताची लाट वेगळी

आखात हा जवळजवळ बंदिस्त आणि उथळ समुद्र आहे. त्याची खोली फार तर ९० मीटरच्या आसपास जाते. त्यावर वायव्येकडून 'शमाल' नावाचा वारा वाहतो. हिवाळ्यात तो थंड हवेमागोमाग अचानक सुटतो आणि कधी कधी तीन ते पाच दिवस टिकतो; उन्हाळ्यात जून-जुलैमध्ये त्याचा जोर असतो. याशिवाय दुपारी समुद्राकडून येणारा वारा आहेच.

असा वारा मर्यादित पाण्यावर वाहतो तेव्हा लाट फार उंच होत नाही, पण तुटक आणि उभी होते. एका लाटेमागून दुसरी चार-सहा सेकंदांत येते. खोल पाण्यात लाटेची लांबी काढण्याचा सोपा हिशेब आहे : सेकंदांचा वर्ग करावा आणि दीडने गुणावे. चार सेकंदांच्या दोन लाटांमध्ये जेमतेम २५ मीटर अंतर पडते. दहा सेकंदांच्या लाटांमध्ये दीडशे मीटरहून अधिक. उंची दोन्हींची चार फूटच धरा. दहा सेकंदांच्या लाटेवर बोट झोपाळ्यासारखी हलकेच वरखाली होते. चार सेकंदांच्या लाटेवर २४ फुटी बोट एका लाटेवरून उतरते न उतरते तोच तिचे नाक दुसरीत आपटते. म्हणून हवामानाच्या अंदाजात लाटेची उंची पाहून थांबू नये, सेकंदही पाहावेत. उंचीचे फूट आणि सेकंद यांचे आकडे सारखे होऊ लागले, तर लहान बोटीने घरीच राहिलेले बरे.

रस्त्याचे माप, पाण्यातली अडचण

ट्रेलरवरच्या बोटीची रुंदी समुद्र ठरवत नाही, रस्ता ठरवतो. अमेरिकेत विशेष परवान्याशिवाय रस्त्यावर साडेआठ फूट, म्हणजे २.५९ मीटर रुंदी चालते. युरोपात ती २.५५ मीटर आहे. या जातीच्या अनेक बोटी याच मापात बसवलेल्या असतात. रुंदी अडली की कारखानदार जागा कोठून काढणार? तो उंची वाढवतो. बैठक उंच, छप्पर उंच, त्यावर आणखी मांडव. प्रदर्शनात केबिन प्रशस्त वाटते. पण अरुंद तळावर उंच घर म्हणजे वाऱ्याला मोठे शीड आणि आडव्या लाटेत मोठा झोका. दोन बोटी सारख्या लांबीच्या असतील, तर केबिनमध्ये थोडे वाकावे लागणारी बोट समुद्रात बहुधा अधिक सुखाची ठरते.

तळाचा आकार

बोटीच्या मागे उभे राहून तळ पाहिला तर तो इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा दिसतो. हा उतार अंशांत मोजतात. मागच्या बाजूला १२ अंशांपर्यंत उतार असेल तर तळ सपाटीकडे झुकलेला, १५ ते १९ अंश मध्यम, आणि २० ते २४ अंश असेल तर खोल व्ही. अमेरिकन आरेखक रेमंड हंट यांनी खोल व्ही तळ पुढे आणला आणि १९६० साली मियामी ते नासाऊ या शर्यतीत रिचर्ड बर्ट्रम यांच्या 'मॉपी' या बोटीने तो खवळलेल्या समुद्रात सिद्ध करून दाखवला. त्यानंतर वेगवान बोटींच्या बांधणीची दिशाच बदलली.

खोल व्ही लाट कापतो, म्हणून आपटणे कमी होते. पण त्याची किंमत मोजावी लागते. त्याला इंजिन जास्त ताकदीचे लागते, पेट्रोल जास्त लागते आणि नांगर टाकून उभी राहिल्यावर बोट अधिक डोलते. सपाट तळ कमी खर्चात पळतो आणि उभ्याने स्थिर राहतो, पण तुटक लाटेत कंबर मोडतो. कुटुंबासाठी आखातात १८ ते २१ अंशांच्या दरम्यान, आणि पुढचे नाक चांगले धारदार असलेला तळ, ही मधली वाट आम्हांला योग्य वाटते. दोन तळ जोडलेली कॅटमरान बोटही तुटक लाटेत मऊ चालते. मात्र तिच्यावर वाजवीपेक्षा जास्त भार टाकला, तर दोन तळांमधल्या पोकळीवर पाणी खालून धडका मारते.

विक्रेत्याला विचारायचा प्रश्न

सगळे विचारतात, 'जास्तीत जास्त वेग किती?' आमच्या मते उलट विचारावे : 'पाण्यावर उचललेली राहून ही बोट कमीत कमी किती वेगाने चालते?' कारण असे आहे. २४ फुटी बोट पाणी ढकलत चालली तर तिचा वेग सुमारे सहा नॉट. त्याहून पुढे गेली की ती नाक वर काढते, पुढचे दिसेनासे होते, आणि पुरेशा वेगाने गेल्यावरच पाण्यावर चढून सपाट धावते. तुटक लाटेत वीस नॉटने धावणे शरीराला आणि बोटीला सोसत नाही. जी बोट बारा-तेरा नॉटला सपाट राहते, ती लाटेतूनही बेताने घरी आणते. जिला त्यासाठी अठरा नॉट लागतात, तिच्या चालकापुढे दोनच मार्ग उरतात : आपटत जा किंवा सहा नॉटने अंधार पडेपर्यंत रांगत या. मागच्या कडेला बसवलेल्या ट्रिम टॅब नावाच्या हलत्या पट्ट्या नाक खाली दाबून हा कमीत कमी वेग उतरवतात. त्या नसतील तर बसवून घ्याव्यात.

वजनाचा खरा हिशेब

पत्रकात छापलेले वजन बहुधा कोरड्या बोटीचे असते. एक नमुना हिशेब मांडू. बोट २१०० किलो, मागे लावायचे मोठे इंजिन २६० किलो, ३०० लिटर पेट्रोल सुमारे २२० किलो, ८० लिटर पाणी ८० किलो, नांगर, साखळी, बॅटऱ्या आणि सामान २०० किलो, दोन आसांचा ट्रेलर ६५० किलो. बेरीज ३५१० किलो. एकवीसशे किलोची म्हणून घेतलेली बोट गाडीमागे साडेतीन टन भरते. आपल्या गाडीची ओढण्याची मर्यादा तिच्या पुस्तिकेत पाहावी. शेजाऱ्याची गाडी ओढते म्हणून आपली ओढेल असे नाही. ट्रेलरचा एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार गाडीच्या हुकावर यावा. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो, आणि ते समुद्रापेक्षाही धोक्याचे.

बोटीवरची माहितीची पाटी अवश्य वाचावी. युरोपीय नियमांनुसार 'सी' वर्गाची बोट वाऱ्याच्या सहाव्या श्रेणीपर्यंत आणि दोन मीटर लाटेपर्यंत, तर 'बी' वर्गाची आठव्या श्रेणीपर्यंत आणि चार मीटर लाटेपर्यंत विचारात घेतलेली असते. किती माणसे व किती भार हेही तेथे असते. दहा माणसांच्या पाटीचा अर्थ दहा माणसे छपरावर चढवावीत असा नाही. उंचावरचा भार बोट उलटवतो.

इंजिन

खाऱ्या पाण्यात ट्रेलरच्या बोटीला मागे टांगलेले आउटबोर्ड इंजिन सोयीचे. काम झाले की ते वर उचलून पाण्याबाहेर ठेवता येते आणि गोड्या पाण्याने धुता येते. आत बसवलेल्या इंजिनाचे पाय मागून पाण्यात असतात, त्यांचे रबरी भाते फाटले तर पाणी थेट बोटीत येते. शिवाय बंदिस्त पेटीत पेट्रोलची वाफ साचते. म्हणून अशा बोटीत इंजिन सुरू करण्यापूर्वी निदान चार मिनिटे पंखा चालवावा लागतो. चालकाच्या अंगाला बांधायची, तो पडताच इंजिन बंद करणारी दोरी प्रत्येक बोटीला असते. ती खिळ्याला टांगून ठेवण्यासाठी नाही.

गार हवेतला छुपा धोका

आखाती उन्हात केबिनला एअर कंडिशनर हवाच, आणि नांगर टाकल्यावर तो चालवायला अनेक जण जनरेटर लावतात. येथे विशेष सावध राहावे. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद केबिनमध्ये झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधीही देत नाही. चालत्या बोटीतही उंच केबिनमागे हवा उलटी फिरते आणि धूर आत ओढला जातो. झोपण्याच्या जागेत या वायूची सूचना देणारी घंटा बसवलेली नसेल, तर तो खर्च पडद्यांच्या आधी करावा. जनरेटर चालू ठेवून झोपू नये, आणि मुलांना बोटीच्या मागच्या पायरीवर इंजिन चालू असताना बसू देऊ नये.

ट्रेलर हा निम्मा सौदा

ट्रेलर जस्ताचा मुलामा दिलेला किंवा अॅल्युमिनियमचा असावा. लांबून ओढून आणल्यावर चाकांचे बेअरिंग तापलेले असतात. तसेच पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि खारे पाणी आत ओढले जाते. मग पुढच्या फेरीत भर रस्त्यात चाक जाम होते. म्हणून उतारावर पोहोचल्यावर थोडा वेळ थांबावे, दोऱ्या-सामान लावून घ्यावे आणि मग ट्रेलर पाण्यात न्यावा. घरी आल्यावर ब्रेक व चाके गोड्या पाण्याने धुवावीत. टायरची नक्षी चांगली दिसली तरी उन्हात उभे राहून रबर तडकते. टायरवर छापलेले वर्ष पाहावे.

जुनी बोट घेताना

जुन्या बोटीत चांगला सौदा मिळू शकतो, पण डोळे उघडे ठेवून. इंजिन ज्या मागच्या फळीवर असते, तिच्या आत अनेकदा लाकूड असते आणि पाणी शिरून ते कुजते. वरून रंग चकचकीत दिसतो. लहान हातोडीने ठोकून पाहावे. टणक आवाजाऐवजी भद्द आवाज आला तर पुढे बोलू नये. इंजिन वर उचलून जोराने हलवावे. फळी वाकली तर समजून जावे. बोटीची तपासणी करणारा स्वतंत्र जाणकार मिळतो. त्याची फी वाचवू नये, आणि तो विक्रेत्याने सुचवलेला नसावा.

प्रत्यक्ष चाचणीसाठी विक्रेता सकाळी बोलावतो. आपण दुपार मागावी. इंधन व पाणी भरलेले असावे आणि जेवढी माणसे नेहमी जाणार तेवढी बरोबर असावीत. लाटेला समोरून, आडवी आणि पाठीवर घेऊन अशी तिन्ही बाजूंनी बोट चालवावी. पाठीवर लाट घेताना नाक पाण्यात खुपसून बोट आडवी वळू पाहते का, हे विशेष पाहावे. काचेवर पाणी आल्यावर वायपर पुसतो का, उभ्या माणसाला धरायला दांडे आहेत का, मागच्या बैठकीत आलेले पाणी आपोआप बाहेर जाते का, आत पाणी उपसण्याचे दोन पंप आहेत का, हेही पाहून घ्यावे. घरच्या बाईमाणसांना बरोबर न्यावे. त्या दिवशी त्या घाबरल्या, तर पुढे बोट अंगणातच उभी राहील.

गावी आणण्याचा विचार असेल तर

काही जण पुढेमागे अशी बोट कोकणात आणण्याचे मनात ठेवतात. तेथील हिशेब थोडा निराळा आहे. उघड्या अरबी समुद्राची लाट लांब असते, पण खाडीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर ती फुटते, आणि ओहोटीचे पाणी बाहेर पडत असताना तेथे छोट्या बोटीची खरी परीक्षा होते. पावसाळ्यात आपले लोक होड्या ओढून शाकारून ठेवतात. त्या चार महिन्यांत ट्रेलर खरोखर उपयोगी पडेल. आपल्याकडे वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर असल्याने हे माप बसते, पण गावातले रस्ते आणि बंदरावरचा उतार आधी पाहून यावा. पैसे घेऊन प्रवासी बसवायचे असतील तर नोंदणी, तपासणी आणि परवाना हे वेगळे प्रकरण आहे. बोट घेण्याआधी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे चौकशी करावी.

खरेदीची रक्कम ठरवताना सगळे पैसे बोटीत घालू नयेत. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे, मुलांची वेगळी, रेडिओ, पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट लांब नांगराची दोरी, ट्रेलरची दुरुस्ती आणि विमा, यांसाठी हात राखून ठेवावा. दोन फूट लहान पण पूर्ण सामानाची बोट ही मोठ्या पण अर्धवट बोटीपेक्षा केव्हाही सरस. आणि इतके करूनही शमालचा इशारा असेल त्या दिवशी बोट ट्रेलरवरच ठेवावी. तिला चाके आहेत, ती उद्याही पाण्यात उतरू शकते.