घरचे ध्वनिमुद्रण : संगणक बरा की यंत्र?

खेड्यातल्या शिक्षकमंडळींकडून आणि भजनी मंडळांकडून अलीकडे एक प्रश्न नेहमी ऐकू येतो. आवाज घरीच मुद्रित करायचा, तर संगणक आणि त्यातले सॉफ्टवेअर घ्यावे, की निराळे रेकॉर्डिंगचे यंत्र घ्यावे? दुकानदाराला विचारावे तर त्याच्याकडे जे शिल्लक असेल तेच तो उत्तम म्हणून सांगतो. तेव्हा या प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

आणि प्रश्न नुसत्या हौसेचा नाही, बरं का. गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि ओव्या म्हणणाऱ्या आजीबाई दर वर्षी कमी होत चालल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून १९८० नंतरच्या काळात हे काम हाती घेतले आणि एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतल्या काहींचे आवाजही जतन झाले. पण असे काम करणारे सगळ्याच गावांना कुठून मिळणार? आपल्या गावच्या आजीचा आवाज बहुधा आपल्यालाच राखावा लागेल. तो एकदा गेला, की कोणत्याही दुकानात परत मिळायचा नाही.

आधी आवाजाची वाट समजून घेऊ. गळ्यातून निघालेली हवेतली कंपने मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळतात. तेथे त्यांची वीज होते. पुढे एक मंडल त्या विजेचे माप एका सेकंदात ४४,१०० किंवा ४८,००० वेळा घेते आणि प्रत्येक माप आकड्यात लिहून ठेवते. एवढेच! हे माप घेणारे मंडल संगणकाबाहेर लहानशा डबीत असले तर तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. मायक्रोफोन, मंडल, साठवणूक असे सारे एकाच पेटीत बसवले, की झाला रेकॉर्डर. म्हणजे सॉफ्टवेअर विरुद्ध यंत्र हे भांडण वाटते तेवढे खरे नाही. संगणकालाही बाहेरची डबी लागते, आणि रेकॉर्डरच्या पोटातही सॉफ्टवेअर असतेच.

१९४८ साली नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, त्या काळी आवाज पकडणे हे रेडिओ, ग्रामोफोन आणि चित्रपट कंपन्यांचे काम होते. १९७९ साली टॅस्कम या जपानी कंपनीने साध्या कॅसेटवर चार निरनिराळे आवाज शेजारी शेजारी भरणारे ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचे यंत्र काढले आणि स्टुडिओ घरात शिरला. पुढे संगणक आले आणि चाराचे शंभर झाले.

संगणकाचा मोठा गुण म्हणजे दुरुस्ती. शिक्षकाने धडा वाचला, मध्ये खोकला आला, एक ओळ चुकली. पडद्यावर आवाजाची नागमोडी आकृती दिसते. तिच्यातला नको तो तुकडा कापावा, दुसरा जोडावा. २०२० साली शाळा बंद असताना कितीतरी गुरुजींनी घरी बसून पाठ मुद्रित केले, त्यांना ही सोय चांगली ठाऊक असेल. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळते आणि बोलण्याच्या कामाला ते पुरे आहे. पेटी, तबला, गाणे असे थर एकावर एक चढवायचे असतील तर रीपर अधिक सोयीचे. ते ६० दिवस वापरून पाहता येते आणि घरगुती वापराच्या परवान्याला ६० डॉलर पडतात. ही सोय असताना महागड्या सॉफ्टवेअरची चोरीची प्रत संगणकात घालून सोबत विषाणूही घरात घेणारे पाहिले, की नवल वाटते.

संगणकाची खोड एकच, पण ती गवयाला छळते. आवाज आत जातो, आकडे होतो, थोडा वेळ रांगेत थांबतो आणि मग कानावरच्या हेडफोनमध्ये परत येतो. ४८,००० मापांच्या हिशेबात १,०२४ मापांची रांग धरली तर जाताना २१ आणि येताना २१, असे सुमारे ४३ सहस्रांश सेकंद लागतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. म्हणजे आपलाच ठेका आपल्याला चौदा-पंधरा मीटरांवरून ऐकू यावा, तसे होते. शाळेच्या ओसरीच्या एका टोकाला टाळकरी आणि दुसऱ्या टोकाला पेटीवाला बसवा, मग काय होते ते पाहा! रांग २५६ मापांची केली तर उशीर ११ सहस्रांशांच्या आसपास येतो, पण जुना संगणक तेवढ्या घाईने काम करू शकत नाही. आवाजात टक्‌टक्‌ येते. यावर सोपा उपाय असा, की आपला आवाज संगणकात न फिरवता इंटरफेसमधूनच सरळ कानाला द्यावा. त्यासाठीचे बटण बहुतेक इंटरफेसवर असते. विकत घेताना तेवढे बघून घ्यावे.

आता खंजिरीभजनाचे बघा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे विदर्भातल्या गावोगावी खंजिरी पोचली. या भजनात एकाने म्हणायचे, सगळ्यांनी झेलायचे, आणि लय एकमेकांच्या डोळ्यांत बघून वाढवायची. त्या मंडळींना हेडफोन घालून एकेकटे बसवले तर भजनाचा जीव जातो. जात्यावरच्या ओवीचेही तेच. ओवीचा श्वास जात्याच्या फेऱ्यावर चालतो. घरघर नको म्हणून आजीला जात्यावरून उठवून खुर्चीत बसवली, तर चाल तरी मोडते, नाहीतर शब्द तरी विसरतात. असल्या ठिकाणी दोन मायक्रोफोनांचा, बॅटरीवर चालणारा छोटा रेकॉर्डरच खरा. पंख्याचा आवाज करणारा संगणक जवळ नको, तारांचे जंजाळ नको, वीज गेली तरी काम थांबत नाही. आणि माणूस बुजत नाही, हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे.

खंजिरीबाबत एक सावधगिरी हवी. तिची थाप क्षणात उसळते. मुद्रणाची पातळी चढी ठेवली तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कोणतेही सॉफ्टवेअर पुरता शिवून देत नाही. आधी जोरात वाजवून घ्यावे आणि काटा उणे १२ डेसिबलच्या पुढे जाणार नाही असे बघावे. ३२ बिट फ्लोट पद्धतीच्या नव्या रेकॉर्डरांत ही काळजी बरीच कमी झाली आहे.

मोबाइल चालणार नाही का? चालतो, काही नसण्यापेक्षा पुष्कळ बरा. पण बरेच फोन बोलणे स्पष्ट करण्याच्या नादात खंजिरीला आणि जात्याला गोंगाट समजून दाबून टाकतात.

आणि आता खोली. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, कुलरवाचून बसवत नाही, आणि कुलरची घरघर मायक्रोफोन तुमच्याआधी ऐकतो. ‘भाऊ, जरा कुलर बंद करा’ हे त्या दिवसांत मुद्रणाचे पहिले वाक्य! त्यापेक्षा पहाटे पाचची वेळ धरावी. टिनाचे छप्पर आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात. आपण कापसाच्या मुलखातले लोक, घरात गोधड्या-गाद्यांना तोटा नाही. गाणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या टांगाव्यात. तीक्ष्ण प्रतिध्वनी त्या बऱ्यापैकी पितात. ढोलकाचा घुमारा मात्र त्यांना जुमानत नाही. अशा खोलीत साधा डायनॅमिक मायक्रोफोन तोंडापासून चार बोटांवर धरलेला बरा. कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन अधिक बारीक ऐकतो, त्याला बहुधा ४८ व्होल्टची वीज पुरवावी लागते, आणि तो शेजारच्या गोठ्यातली घंटाही तितक्याच निष्ठेने टिपतो.

तेव्हा शाळेने असलेल्याच संगणकावर भागवावे, आणि पैसे मायक्रोफोनवर व लहान इंटरफेसवर खर्च करावेत. भजनी मंडळाने किंवा ओव्या गोळा करणाऱ्याने आधी रेकॉर्डर घ्यावा, आणि त्यातले कार्ड नंतर शाळेच्या संगणकात घालून काटछाट करावी. गावात दोघांनी मिळून केले तर एकाच खर्चात दोन्ही साधतात.

मूळ मुद्रण मात्र कापू नये. ते वेव्ह फाइलीत तसेच ठेवावे. दोन्ही कानांचे, २४ बिटांचे आणि ४८,००० मापांचे मुद्रण तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा घेते. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात. आणि आजींना आधी विचारून, यंत्र सुरू झाल्यावर पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून त्यांचे नाव, माहेर, सासर आणि ही ओवी कोणाकडून शिकल्या ते म्हणवून घ्यावे.