घराचा विमा शेताला पुरत नाही

कॅरीत राहायचं, चॅटम किंवा जॉन्स्टन काउंटीत पाच-दहा एकर जमीन घ्यायची, मेथी, भेंडी, दुधी लावायचा, चार शेळ्या आणि कोंबड्या पाळायच्या, हा बेत आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात असतो. ज्यांनी तो तडीस नेला आहे आणि जे अजून जमीन शोधत आहेत, त्या सगळ्यांसाठी आज विम्याबद्दल बोलू.

गावाकडे शेतीचा विमा म्हणजे पीकविमा. 2016 पासून प्रधानमंत्री पीकविमा योजना आहे. महाराष्ट्रात 2023 च्या खरिपापासून तो शेतकऱ्याला एक रुपयात मिळू लागला आणि 2025 मध्ये ती सवलत बंद झाली. त्या सवयीने इथेही आपण आधी विचारतो, पीक गेलं तर काय? पण छोट्या शेतावर त्याहून मोठा प्रश्न आहे: माझ्या शेतावर दुसऱ्या कुणाला इजा झाली तर काय? पीक गेलं तर एका हंगामाचे पैसे जातात. इजेच्या दाव्यात हरलात तर आयुष्यभराची बचत पणाला लागू शकते.

समजा, शनिवारी चार कुटुंबं पैसे देऊन भाजी तोडायला आली. बोकडाने एका मुलाला ढुशी मारली आणि मुलाचा हात मोडला. तुम्ही म्हणाल, ते आपलेच लोक आहेत, दावा कशाला करतील? पण उपचाराचा खर्च वसूल करायचा हक्क त्यांच्या नोकरीतल्या आरोग्य योजनेलाही असू शकतो. मग तुम्ही घराची पॉलिसी उघडता. तिथे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की व्यवसायातून आलेली जबाबदारी आम्ही घेत नाही. घरच्यापुरती भाजी लावणं हा छंद झाला. ती नियमित विकू लागलात की विमा कंपनी त्याला व्यवसाय म्हणू शकते. वरून घेतलेली अम्ब्रेला पॉलिसीही अशा वेळी बहुधा कामाला येत नाही.

यावर उपाय म्हणजे फार्म पॉलिसी. तिच्यात तीन गोष्टी बघा. पहिली, लायबिलिटी: शेतावर येणाऱ्यांची इजा आणि तुमचा माल खाऊन कुणी आजारी पडलं तर त्याचा खर्च. फार्मर्स मार्केटमध्ये जागा घेताना अनेकदा 10 लाख डॉलरच्या लायबिलिटीचं प्रमाणपत्र मागतात, ते इथूनच मिळतं. दुसरी, गोठा, ट्रॅक्टर, पंप. पॉलीहाऊस आणि त्याचं प्लास्टिक धरलं आहे का, हे वेगळं विचारा. तिसरी, जनावरं. आग आणि वीज यांचं संरक्षण सहसा मिळतं, रोगाचं सहसा नाही.

लोकांना पैसे घेऊन शेतावर बोलावत असाल तर राज्याचा ॲग्रिटुरिझम कायदा लक्षात ठेवा. ठरावीक मजकुराची सूचनापाटी लावली तर शेतीच्या अंगच्या धोक्यांतून झालेल्या इजेबाबत मालकाला काही संरक्षण मिळतं. तुमच्या निष्काळजीपणाला मात्र ते नाही. म्हणून पाटी लावली तरी विमा हवाच.

पुराचंही असंच आहे. 2018 च्या फ्लोरेन्स वादळात या राज्यात किती पाणी भरलं ते आपण पाहिलं. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर नसतो. इमारतींसाठी सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो साधारणपणे 30 दिवसांनी लागू होतो. वादळाची बातमी ऐकून धावपळ केली तर उशीर झालेला असतो.

आता पीक. मेथी-दुधीसारख्या पिकांना नेहमीचा पीकविमा मिळत नसेल तर फार्म सर्व्हिस एजन्सीची ‘नॅप’ योजना आहे. तिचं शुल्क पिकामागे 325 डॉलर, एका काउंटीत जास्तीत जास्त 825. शेती सुरू करून 10 वर्षं झाली नसतील तर ते माफ होऊ शकतं. मूळ संरक्षणात निम्म्याहून जास्त उत्पादन गेलं तरच, त्यापुढच्या नुकसानीला सरासरी बाजारभावाच्या 55 टक्के दराने भरपाई मिळते. अर्ज मुदतीत करायचा, म्हणजे नुकसान व्हायच्या कितीतरी आधी. अनेक पिकं घेऊन थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्यांसाठी ‘मायक्रो फार्म’ विमा आहे. तो एकेका पिकाचा नसून शेताच्या एकूण उत्पन्नाचा असतो.

गावाकडे गारपिटीसारख्या स्थानिक नुकसानीची खबर 72 तासांत द्यावी लागते. इथे ‘नॅप’मध्येही हाताने तोडायच्या पिकांसाठी मुदत 72 तासांचीच आहे. फोटो काढा, खबर द्या, मग साफसफाई करा.

आणि हिशेब ठेवा. काय लावलं, किती निघालं, कितीला विकलं, हे वहीत नसेल तर भरपाई कशावर मोजणार?

या आठवड्यात दोन फोन करा. पहिला तुमच्या विमा एजंटला: “मी शेतातला माल विकतो आणि लोकांना शेतावर बोलावतो, हे माझ्या पॉलिसीत बसतं का?” उत्तर लेखी मागा. दुसरा फार्म सर्व्हिस एजन्सीच्या काउंटी कार्यालयाला, फार्म नंबरासाठी. तो नंबर फुकट मिळतो आणि पुढच्या सगळ्या योजनांना लागतो.

पेरणीआधी ही दोन कामं उरका. भेटू पुढच्या भागात!