जुन्या गाडीचा हँडब्रेक ढिला झालाय? केबल ताणण्याआधी चाकाकडे बघा!

मोर्शीहून सालबर्डीकडे निघालं की संत्र्याचे बगीचे मागे पडतात आणि सातपुड्याचा पायथा लागतो. महाशिवरात्रीच्या यात्रेला निघालेली एखादी जुनी पद्मिनी अशाच चढावर थांबते. हँडब्रेक ओढला जातो, खटके वाजत राहतात, दांडा पार शेवटपर्यंत येतो. पण ब्रेकवरचा पाय काढला की गाडी हळूच मागे सरकते. मग मागच्या सीटवरचा कोणीतरी घाईघाईने उतरतो आणि चाकाखाली गोटा लावतो.

घरात जुनी गाडी असलेल्यांना हा प्रसंग नवा नाही. अनेक जण तर "जुन्या गाडीचा हँडब्रेक असाच असतो" असं म्हणून सोडून देतात. पण तसं नसतं. वीस-तीस वर्षांपूर्वीची गाडीही उतारावर पक्की उभी राहिलीच पाहिजे आणि बहुतेक वेळा त्यासाठी नवीन पार्टही लागत नाही. लागतं ते योग्य क्रमाने केलेलं ॲडजस्टमेंट. गडबड होते ती याच क्रमात.

हँडब्रेक नेमका काय करतो?

पायाचा ब्रेक चालतो ब्रेक ऑइलच्या दाबावर. हँडब्रेकचा मात्र ऑइलशी काही संबंध नाही. दांडा ओढला की केबल ओढली जाते. ही केबल मागच्या चाकांपर्यंत जाते आणि ड्रमच्या आतला छोटा लिव्हर ओढते. तो लिव्हर दोन्ही ब्रेक शू बाहेर ढकलतो. शूचे लायनर ड्रमला आतून घट्ट चिकटतात आणि चाक जाम होतं. दांडा खाली येऊ नये म्हणून त्याला दातेरी पट्टी असते. आपण ऐकतो ते खटके याच दातांचे.

केबल दोन चाकांमध्ये विभागली जाते तिथे एक छोटा तुकडा असतो. त्याला इक्वलायझर म्हणतात. दोन्ही चाकांना सारखा ओढ मिळावा, हे त्याचं काम. तो गंजून अडकला की एकच चाक धरतं आणि दुसरं मोकळं राहतं.

ऑइल नसण्याचा एक फायदा आहे. पायाचा ब्रेक फेल झाला तरी हँडब्रेक स्वतंत्रपणे चालतो. म्हणजे हा गाडीचा शेवटचा आधार आहे. तोच ढिला ठेवला तर गरज पडेल तेव्हा हाताशी काहीच उरत नाही.

गाडी किती जोराने मागे ओढते?

सोपा हिशोब बघा. पद्मिनीचं वजन ढोबळमानाने 900 किलो धरू. दहा फुटांना एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर ही गाडी साधारण वजनाच्या दहाव्या भागाइतक्या, म्हणजे 90 किलोच्या जोराने मागे ओढते. त्यात पाच माणसं बसली आणि 300 किलो वाढले, की हाच जोर 120 किलोवर जातो. म्हणूनच घरासमोर रिकाम्या गाडीला धरणारा हँडब्रेक भरल्या गाडीला चढावर दगा देतो.

सगळ्यात मोठी चूक: आधी केबल ताणणं

हँडब्रेक ढिला झाला की पहिला हात जातो केबलच्या नटकडे. दोन-चार आटे आवळले, दांडा कडक झाला, काम झालं! पाच मिनिटांत प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

पण ढिलेपणा आला कुठून, हे बघायला हवं. केबल थोडी ताणली जाते हे खरं. मात्र बहुतेक वेळा खरं कारण ड्रमच्या आत असतं. रोज ब्रेक मारून लायनर झिजतं. शू आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढतं. तेवढं अंतर कापण्यासाठी दांडा जास्त ओढावा लागतो.

अशा वेळी नुसती केबल आवळली, तर दांडा खाली असतानाही आतला लिव्हर अर्धवट ओढलेला राहतो. शू पूर्ण मागे येत नाहीत. जिथे शू जास्त जवळ, तिथे गाडी चालताना ते ड्रमला घासत राहतात. ॲव्हरेज कमी होतो, पण खरा धोका पुढे आहे.

मोर्शीहून चांदूर बाजार, परतवाडामार्गे चिखलदऱ्याला जाणारे अनेक जण असतात. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. परतीच्या घाटात ब्रेक आधीच तापतात. त्यात मागचे शू घासत असतील तर ड्रम आणखी तापतो, लायनरची पकड कमी होते आणि ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल थेट खाली जातं. थांबलेल्या गाडीसाठी केलेली चुकीची दुरुस्ती चालत्या गाडीचा ब्रेक घालवू शकते, ती अशी.

म्हणून नियम एकच: आधी चाक, मग केबल.

योग्य क्रम कोणता?

1. गाडी सुरक्षित उभी करा. जागा सपाट आणि टणक हवी. काळ्या मातीत जॅक रुततो. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. वीट वापरू नका, ती फुटते. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक पूर्ण खाली. मागची दोन्ही चाकं उचलून गाडी घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ.

2. आधी शू जवळ आणा. प्रत्येक चाकाला ॲडजस्टर असतो. काही गाड्यांत तो ड्रमच्या मागच्या प्लेटवर नटसारखा असतो, काहींत छिद्रातून स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा दातेरी नट असतो. तुमच्या मॉडेलमध्ये कोणता आणि कुठल्या दिशेने फिरतो, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. चाक हाताने फिरवत ॲडजस्टर आवळा. चाक जाम झालं की थोडा मागे घ्या. चाक मोकळं फिरलं पाहिजे, अगदी हलकी घासल्याची खरखर चालेल. मग ब्रेक पेडल दोन-तीनदा जोरात दाबा, म्हणजे शू आपल्या जागेवर बसतात. पुन्हा तपासा. दुसऱ्या चाकालाही हेच करा.

अनेक गाड्यांत काम इथेच संपतं. दांडा आपोआप वर धरायला लागतो.

3. केबल तपासा. एकही तार तुटलेली दिसली तर केबल बदला, ताणू नका. दांडा सोडल्यावर केबल झटकन परत जाते का, ते बघा. पावसाळ्यात पाणी शिरून केबल आवरणात गंजते आणि अडकते. इक्वलायझर आणि जोड साफ करून ग्रीस लावा.

4. आता केबल आवळा. दांडा मॅन्युअलमध्ये दिलेल्या खटक्यावर ठेवा. अनेक गाड्यांत तो पहिला किंवा दुसरा असतो. दोन्ही चाकं सारखीच जड फिरायला लागेपर्यंत नट आवळा. मग चेक नट घट्ट करा. दांडा खाली केल्यावर दोन्ही चाकं पुन्हा पूर्ण मोकळी फिरली पाहिजेत. एक जरी घासलं, तरी केबल जास्त आवळली गेली आहे.

5. चढावर परीक्षा घ्या. रहदारी नसलेला हलका चढ निवडा. चालकाने सीटवरच बसावं, पाय ब्रेकजवळ तयार ठेवावा. गाडीच्या मागे कोणीही उभं राहू नये.

ॲडजस्ट करूनही धरत नसेल तर?

मग ड्रम उघडावाच लागेल. आत बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण सापडतं. लायनर संपलेलं असतं, एक्सलचं ऑइल सील गळून लायनर तेलकट झालेलं असतं किंवा व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल झिरपत असतं. तेल प्यायलेलं लायनर पेट्रोलने पुसून परत बसवण्याची सवय अनेकांना असते. ते टिकत नाही. गळती बंद करा आणि लायनर बदला.

एक गोष्ट मात्र विसरू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची बारीक धूळ श्वासातून फुप्फुसात गेली तर कॅन्सरसारखे आजार होऊ शकतात. त्यामुळे ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपने फुंकर मारू नका. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा.

जुन्या जीपचं गणित वेगळं

वऱ्हाडात शेतावर राबलेल्या जुन्या जीप आजही दिसतात. विलिस घराण्यातल्या या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर, एका छोट्या ड्रममध्ये असतो. शाफ्ट अडला की मागची चाकं अडतात.

यात एक मोठी मेख आहे. पंक्चर काढायला मागचं एक चाक उचललं, तर डिफरन्शियलमुळे ते हवेतलं चाक उलटं फिरू शकतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही जीप जॅकवरून सरकू शकते. म्हणून जीपचं चाक काढताना इतर चाकांना ठोकळे लावायलाच हवेत. तसंच चालत्या जीपमध्ये हा ब्रेक ओढू नका. सगळा झटका शाफ्टच्या जोडांवर येतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 126 नुसार, चालकाच्या सीटवर लायसन्सधारक माणूस नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावणं किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था करणं बंधनकारक आहे. गाडी जुनी आहे म्हणून यातून सूट नाही. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या खासगी दुचाकी-चारचाकींची "व्हिंटेज" म्हणून नोंदणी करता येते.

रोजच्या चार सवयी

चढाकडे तोंड असेल तर पहिला गिअर आणि उताराकडे तोंड असेल तर रिव्हर्स गिअर टाकून ठेवा. स्टिअरिंग रस्त्याच्या कडेकडे वळवा, म्हणजे गाडी सुटलीच तर रस्त्यावर येणार नाही. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटून बसतात. तेव्हा सपाट जागा, गिअर आणि ठोकळे पुरेसे. आणि घाट उतरल्यावर मागच्या चाकातून जळका वास येतोय का, याकडे लक्ष द्या.

दांडा ओढताना खटके मोजायची सवय लावा. मागच्या महिन्यात पाच खटक्यांवर धरणारी गाडी आज आठवर धरत असेल, तर लायनर झिजल्याची सूचना गाडीने दिलेली आहे. त्याच आठवड्यात चाकाचा ॲडजस्टर फिरवला, तर पुढच्या यात्रेत चढावर कोणाला गोटा घेऊन पळावं लागणार नाही.