बटण बंद, पण वीज चालूच

घरातला दिवा गेला की आपण काय करतो? बटण बंद करतो, स्टुलावर चढतो, जुना दिवा काढतो आणि नवा बसवतो. बटण बंद झाले म्हणजे वीज गेली, असे आपण धरून चालतो. आम्हीही तसेच धरून चाललो होतो.

१९९८ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा एका शाळेत हेडमास्तर होतो. एका वर्गातला दिवा लागेना. बटण बंद करून आम्ही बाकावर चढलो आणि होल्डर हलवून पाहू लागलो. बोट आत लागले मात्र, असा झटका बसला की आम्ही खाली! डावे मनगट मोडले. मुले हसली नाहीत. ती बिचारी घाबरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने बटण बंद ठेवूनच होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. तो म्हणाला, "गुरुजी, बटण न्यूट्रलवर बसवलंय. फेज सरळ होल्डरात आलीय."

याचा अर्थ काय? दिव्याकडे दोन तारा जातात. एक फेज आणि दुसरी न्यूट्रल. वीज फेजने येते आणि दिव्यातून न्यूट्रलने परत जाते. बटण कोणत्याही तारेवर बसवा, दिवा विझतोच. पण बटण न्यूट्रलवर असेल, तर दिवा विझल्यावरही होल्डरमध्ये वीज उभीच असते. तिला वाट हवी असते. आपण हात लावला, की ती आपल्या अंगातून जमिनीकडे जाते. म्हणून बटण नेहमी फेजवरच हवे.

माणूस मरायला किती वीज लागते? फार थोडी. अँपिअरच्या हजाराव्या भागाला मिलिअँपिअर म्हणतात. असे ३० मिलिअँपिअर छातीतून गेले, तरी जिवाला धोका आहे. ९ वॅटचा छोटा दिवासुद्धा ४० च्या आसपास घेतो! आता घरातला फ्यूज पाहा. तो ५ अँपिअरचा, म्हणजे ५००० मिलिअँपिअरचा असतो. तो तारा जळू नयेत म्हणून आहे, आपला जीव वाचवायला नव्हे. त्यातही काही शहाणे जाड तांब्याची तार घालतात. मग तो तारासुद्धा वाचवत नाही.

जीव वाचवायला आरसीसीबी नावाचे यंत्र मिळते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचे घ्यावे. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा मेळ ते पाहत असते. मेळ बसला नाही, की ते क्षणात वीज तोडते. पण एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर मेळ बरोबर बसतो आणि यंत्र गप्प राहते. त्यावर चाचणीचे बटण असते, ते अधूनमधून दाबून पाहावे.

आता टेस्टर. त्यात एक लहान दिवा आणि वीज अडवणारा तुकडा असतो. मागच्या धातूच्या टोपीला बोट लावले, की अगदी नगण्य वीज आपल्यातून जाते आणि दिवा पेटतो. पात्याला मात्र बोट लावायचे नाही. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे समजू नका. आतला दिवा गेलेला असेल. उन्हात उजेड दिसला नसेल. तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल. यासाठी वायरमन काय करतो, ते पाहा. आधी तो टेस्टर चालू प्लगला लावून पाहतो. मग कामाच्या तारेला लावतो. मग पुन्हा चालू प्लगला लावतो. तिन्ही वेळा जसे दिसायला हवे तसे दिसले, तरच तो तारेला हात घालतो.

वीज आहे की नाही, एवढेच टेस्टर सांगतो. किती आहे, ते मल्टिमीटर सांगतो. त्याची कळ एसी व्होल्टवर, २३० पेक्षा मोठ्या आकड्यावर ठेवावी. फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० च्या आसपास दिसेल. फेज आणि अर्थिंग यांमध्येही तेवढेच दिसायला हवे. फारच कमी दिसले, तर अर्थिंग बिघडलेले आहे. पूर्ण दिसले म्हणून मात्र ते चांगलेच आहे असे नव्हे. लाल वायर अँपिअरच्या भोकात ठेवून मीटर प्लगला लावाल, तर जाळ होईल. आम्ही तो जाळ पाहिला आहे.

त्या दिवशी वायरमनने मेन स्विच बंद केला, फ्यूज काढला आणि सरळ खिशात टाकला. आम्ही विचारले, "खिशात कशाला?" तो म्हणाला, "मी वर चढल्यावर कुणी चालू करायला नको." मग त्याने बटण फेजवर घेतले. पुढे संध्याकाळपर्यंत त्याने सगळे वर्ग तपासले. अशी उलटी बटणे आणखी चार निघाली.