प्रवाळ-टाकीतील पाण्याची ये-जा
प्रवाळ पाळण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पृष्ठभागावर सेंद्रिय द्रव्यांचा पातळ तवंग साचतो आणि हवा व पाणी यांच्यातील वायूंची देवाणघेवाण मंदावते. म्हणून वरच्या कडेशी ओव्हरफ्लो, म्हणजे दातेरी कडेचा कप्पा, बसवतात. त्यातून वरचेच पाणी ओसंडून संपमध्ये, म्हणजे खालच्या टाकीत, उतरते आणि गाळून झाल्यावर पंपाने पुन्हा वर चढते.

खरी कसोटी वीज गेल्यावर लागते. पंप थांबताच परतीची नळी सायफन बनते, म्हणजे तिच्या तोंडात हवा शिरेपर्यंत पाणी उलट ओढत राहते. १२० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली, तरी सुमारे ७ लिटर पाणी खाली येते. तोंड १० सेंटिमीटर खोल असेल, तर सुमारे ७० लिटर, आणि संपमध्ये तेवढी रिकामी जागा नसेल, तर ते जमिनीवर पसरते. म्हणून तोंड पृष्ठभागालगतच असावे. एकमार्गी झडपेवर विसंबणे धोक्याचे, कारण तिच्यात चुन्याचे कण वा गोगलगाय अडकली की ती पूर्ण मिटत नाही. ओव्हरफ्लोमध्येही मुख्य नळी तुंबण्याची शक्यता धरून दुसरी, एरवी कोरडी राहणारी नळी किंचित अधिक उंचीवर ठेवतात.