सोनपेठच्या अंगणात लोगनबेरी येईल का? रोप मागवण्याआधी हे वाचा

ब्लॅकबेरी, बॉयसनबेरी, लोगनबेरी अशी विदेशी रोपे आता मोबाइलवरून घरपोच मिळतात. पण सोनपेठच्या परसबागेत त्यांना फळ लागेल का? थोडक्यात उत्तर : रोप जगू शकते, फळाची खात्री नाही.

ही फळे आली कुठून?
अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १८८०च्या दशकात न्यायाधीश जेम्स लोगन यांच्या बागेत ब्लॅकबेरी आणि रास्पबेरीचा आपोआप संकर झाला. तीच लोगनबेरी. पुढे स्कॉटलंडमध्ये टेबेरी तयार झाली. दोन्ही ठिकाणे सौम्य उन्हाळ्याची.

फळ का धरत नाही?
या झुडपांच्या लांब फांद्या पहिल्या वर्षी नुसत्या वाढतात, दुसऱ्या वर्षी फळतात आणि नंतर वाळतात. मधल्या हिवाळ्यात फांदीवरचे डोळे सुप्त असतात. ते नीट फुटण्यासाठी बहुतेक जातींना सुमारे ७ अंशांखालचे शेकडो तास लागतात. थंडीच्या लाटेत परभणीचा पारा ५ अंशांखालीही जातो; पण ती थंडी पहाटेपुरती आणि मोजके दिवस. पुढे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो.

महाबळेश्वरला रास्पबेरी कशी?
महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथला उन्हाळा सौम्य, मातीही वेगळी.

काळी माती चालेल?
भारी काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. शिवाय या झुडपांना ५.५ ते ६.५ सामूची, किंचित आम्लधर्मी जमीन लागते. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त जमिनीत लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात.

तरीही हौस असेल तर?
• कमी थंडीवर फळणारी, बिनकाट्याची जात मागा.
• आधी एकच रोप घ्या. मोठ्या कुंडीत, निचऱ्याच्या मातीत लावा.
• उन्हाळ्यात दुपारची सावली द्या.
• पहिल्या वर्षाच्या फांद्या छाटू नका. फळ त्यांच्यावरच येते.

खात्रीचा पर्याय कोणता?
तुती. मराठवाड्यात रेशीम शेतीसाठी ती लावतातच; परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रेशीम संशोधनही चालते. फळांसाठी मात्र चांगली फळे देणाऱ्या झाडाचीच पेन्सिलएवढी जाड काडी पावसाळ्यात लावा. फळे उतरल्यावर छाटणी करा. झाड ऊन सोसते आणि फळ अंगणातच मिळते.